माझ्यासाठी अडाणी झालेले बाबा

नागपूर स्टेशनच्या फलाटावर बाबांनी माझी ट्रंक डोक्यावरून उतरवली आणि आधी रुमालाने तिचं झाकण पुसलं. कामठीहून शेअर ऑटोच्या टपावर बांधून आणलेली ट्रंक ती, अक्षरांवर धूळ बसली होती. अक्षरं त्यांनीच रंगवलेली. पॉवरलूमवरची पाळी संपवून आल्यावर दोन दिवस ओट्यावर उकिडवे बसून, जीभ दातांत धरून, पांढऱ्या पेंटने माझं नाव, त्यांचं देवाजी हे नाव, आडनाव, खाली मुक्काम कामठी, जिल्हा नागपूर. एवढं मोठं की पुलावरून वाचता यावं.

मी पुण्याला लष्कराच्या नर्सिंग कॉलेजात चालले होते. बाकीच्या मुली सूटकेस घेऊन येणार, हे मला कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

"थोडी लहान काढायची ना अक्षरं," मी पुटपुटले.

"काहून? नाव का चोरीचं हाय?"

आई खिडकीच्या गजाला धरून सांगत होती, "पोटभर जेवत जाजो वं सुजा. लाजू नको. अन् कोणी जात विचारली तं धर्म सांगजो." गाडी हलली तरी बाबा हात हलवत नव्हते. ट्रंक बाकाखाली नीट सरकली का, ते वाकून पाहत होते.

त्याला चौतीस वर्षं झाली. हे मी अंबाल्याहून लिहितेय. छावणीला लागून दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. दूधवाला मला मॅडमजी म्हणतो, मी त्याला हांजी म्हणते. दुकानात हिंदी, बँकेत इंग्रजी, आणि कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही की तोंडातून निघतं, "काहून होऊन नाही राहिली गा!" ऐकायला कुणी नसतं. मी लिहितेय ते कामठीच्या आमच्या वस्तीतल्या माणसांसाठी, आणि तिथून निघून माझ्यासारखे गणवेशात गेले त्यांच्यासाठी. गोड आठवणी वाचायच्या असतील तर इथेच थांबा. मला एक कबुली द्यायची आहे. सत्तावीस वर्षं ती मी दाबून ठेवली आणि तेवढी वर्षं तुम्ही भलत्याच माणसाला नावं ठेवलीत.

आमच्या घरची एक रीत होती, वस्तीत अजूनही पुष्कळांकडे आहे. कमाईतला विसावा हिस्सा समाजाचा. बाबा सहा वर्षांचे असताना आजोबांच्या खांद्यावर बसून दीक्षेला नागपूरला गेले होते, तिथून परतताना आजोबांनी जे दोन-तीन नेम धरले त्यातला हा एक. दुसरा नेम शिकण्याचा. बाबा दिवसा माग चालवून रात्रशाळेत शिकले आणि अक्षर असं घोटलं की विहाराचा फळा कायमचा त्यांच्याकडे आला. सकाळी विहाराच्या पायरीवर ते पेपर मोठ्याने वाचायचे, म्हाताऱ्या बाया भाजी निवडत ऐकायच्या. विहार, वाचनालय आणि वॉर्डातला आमचा छोटासा पक्ष, तिन्हींची पावतीपुस्तकं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. त्यांच्या लेखी ती तीन नव्हतीच. सगळं मिळून एकच, समाज. पुढे जी चूक झाली ती इथून झाली, आणि अशी चूक आमच्याच माणसांकडून होऊ शकते.

खांद्यावर दोन तारे येऊन मला दोन वर्षं झाली होती. पोस्टिंग दूर उत्तरेत. कामठीत नगरपरिषदेची निवडणूक लागली आणि बाबांचं पत्र आलं. तुझा या वर्षीचा हिस्सा पक्षाच्या पुस्तकात लिहू का, उभा राहिलेला उमेदवार आपल्याच गल्लीतला आहे.

मी उलट टपाली लिहिलं, "लिहा. आणि नावाच्या आधी हुद्दा लिहा."

हे वाक्य गेल्या महिन्यापर्यंत तुमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. नियम मला ठाऊक होता. सेवेत असताना कुठल्याही पक्षाला पैसा द्यायचा नाही, सभेत बसायचं नाही, नाव जोडायचं नाही. शिकवला होता, खाली सहीसुद्धा घेतली होती. तरी मी लिहिलं. का, तेही सांगते. त्याच आठवड्यात मेसच्या डिनरला एका कॅप्टनच्या बायकोने माझं आडनाव दोनदा विचारून घेतलं आणि गोड हसून म्हणाली, "अच्छा, कोटेवाली सीट रही होगी." सैन्यात कोटा नसतो. गुणवत्ता यादीत मी चौथी होते. हे दोन्ही मला तिथे म्हणता आलं असतं. मी सूप पीत राहिले. मग खोलीवर येऊन बाबांना लिहिलं, हुद्दा लिहा. तिथे जे तोंडातून निघालं नाही ते मला कामठीच्या चौकात लिहून हवं होतं.

बाबांनी पावती फाडली. विहाराच्या फळ्यावर देणगीदारांच्या यादीत सगळ्यात वर, पांढऱ्या खडूने, लेफ्टनंट आणि पुढे माझं नाव, कंसात भारतीय सेना. लोक म्हणे थांबून वाचायचे. आठ दिवसांत समोरच्या उमेदवाराच्या माणसांनी पावतीची नक्कल तक्रारीसकट माझ्या वरिष्ठांकडे पोचवली.

आमच्या मोठ्या मॅडम वाईट नव्हत्या. हे मुद्दाम लिहितेय, कारण वाईट असत्या तर मी कदाचित भांडले असते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, लेखी खुलासा मागितला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "देखो बेटा, तुम्हारे फादर पढ़े-लिखे तो होंगे नहीं. यही लिख दो. अनपढ़ आदमी है, किसी ने बहका दिया, तुम्हें पता नहीं था. उनका एफिडेव्हिट लगा दो, बात खत्म."

माझ्याकडे बघून त्यांना हे सहज सुचलं. मला रागवायचं असतं तर तीच वेळ होती. माझे वडील पेपर वाचतात, माझ्यापेक्षा चांगलं लिहितात, चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "यस मॅम."

रजा काढून कामठीला गेले. बाबांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि लुंगीच्या काठाचा दोरा ओढत होते. आई आतून ओरडली, "तो अडाणी? मंग मी कोण हावो, कलेक्टर?" बाबा हसले नाहीत.

तहसीलच्या बाहेर झाडाखाली टायपिस्ट बसायचे. एकाने प्रतिज्ञापत्र ठोकून काढलं. मला लिहितावाचता येत नाही. पावती कोणी लिहिली ते मला माहीत नाही. मुलीला न विचारता मीच तिचं नाव सांगितलं. टायपिस्टने मोठ्याने वाचून दाखवलं, अडाणी माणसाला दाखवतात तसं सावकाश. बाबांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

मी म्हणाले, "बाबा, अंगठा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाव. अंगठाच."

"शाई पुसाले चिंधी हाय तिथं, काका," टायपिस्ट म्हणाला.

परत येताना बाबा एवढंच बोलले, "तुयी नोकरी राह्यली पाह्यजे. आपल्यातली दुसरी कोण हाय तिथं?" मला तेव्हा त्यात माया ऐकू आली. हिशेब किती कठोर होता ते नंतर कळलं. एवढ्या मोठ्या फौजेत आमच्या गल्लीची एक बाई अधिकारी म्हणून राहावी, यासाठी एका माणसाने आपलं अक्षर टाकून दिलं होतं.

मला ताकीद मिळाली आणि प्रकरण मिटलं. कामठीत मिटलं नाही. प्रतिज्ञापत्राची नक्कल विरोधकांनी कुठून तरी मिळवली आणि चौकात वाचली. आणि मग तुम्ही, आपलेच लोक, काय काय म्हणालात ते आईने मला सांगितलं आहे. बढाईखोर. पोरीले न विचारता तिचं नाव टाकलं अन् अंगाशी आलं तं शपथेवर खोटं बोलला. बाबांनी तिन्ही पुस्तकं आणून विहारात ठेवली. फळा सोडला. पायरीवरचा पेपरही सोडला. मी फोनवर म्हणाले, पेपर तरी वाचा, कोण बघायला येतंय? ते म्हणाले, "कोर्टात एक अन् विहारात एक, असं नाही चालत. कोणी पाह्यलं तं तुयावर येईल." त्यानंतर बँकेत अंगठा, रेशनच्या दुकानात अंगठा. माझा भाऊ सुनील याने नागपुरात हुडकेश्वरला घर बांधलं आणि त्यांना घेऊन गेला, तिथे तर त्यांना कुणी ओळखतही नव्हतं. तिथेही अंगठाच. पेपर वाचायचे ते दार लावून, मनात.

मी तिकडे कॅप्टन झाले, मेजर झाले. वॉर्डात जखमी जवानांची पत्रं लिहून दिली. कोण कुठल्या पलटणीचा, कुणाची घोषणा काय, कोण कुणाच्या हातचं पाणी आधी घेतं, सगळं पाहिलं. रक्त चढवताना बाटलीवर कुणी आडनाव शोधत नाही, हेही पाहिलं. म्हणून सैन्याला मी नावं ठेवत नाही. पण सैन्यात जात नसते असं मला कुणी सांगू नये. ती बाहेर चपलेसारखी काढून येतात, आणि जेवणाच्या टेबलाखाली पायात परत घालतात.

नियमाचंही तेच. नियम चूक होता असं मी आजही म्हणणार नाही. गणवेश कुठल्या पक्षाचा असू नये, ज्याच्या हातात बंदूक आहे त्याने कुणाच्या निवडणुकीला पैसा पुरवू नये. पण एका साहेबांकडे जेवायला गेले असताना त्यांनीच हसत सांगितलं होतं की मोठ्या पक्षाला दर वर्षी चेक जातो, मिसेसच्या नावाने. टेबलावरच्या कुणाचाही घास अडला नाही. त्यांचं ते 'देशासाठी' होतं आणि आमचं विहाराच्या फळ्यावरचं 'राजकारण'. त्यांना बायकोच्या नावाने द्यायचं सुचलं, आम्हाला स्वतःच्या नावाने द्यायचा अभिमान होता, म्हणून आम्ही पकडले गेलो. खुलासा मला विचारला, ते बरोबर. त्यांनाही विचारायला हवा होता.

माझ्या निवृत्तीला अकरा महिने उरले असताना बाबा गेले. मनात ठरवलं होतं, गणवेश उतरला की त्यांना घेऊन बँकेत जाईन आणि म्हणेन, आता करा सही. अकरा महिने. सुनीलने अंत्यविधीनंतर त्यांचं पासबुक माझ्या हातात दिलं. पहिल्या पानावर फोटो, फोटोखाली ठसा. मी ते बंद करून परत दिलं.

आता मी निवृत्त आहे आणि पक्षाला देणगी द्यायची मला कायद्याने मुभा आहे. मी देते. पावतीवर नाव लिहायला सांगते, नावाआधी मेजर, पुढे निवृत्त. या लेखामुळे कुणाला ते जुनं प्रतिज्ञापत्र उकरून काढायचं असेल तर काढा. खोटं माझं होतं. पेन्शन थांबवायची असेल तर थांबवा. मेलेल्या माणसाला आणखी काय करणार आहात?

गेल्या महिन्यात कामठीला गेले. सुनील म्हणाला, "ताई, आता काहून उकरून राहिली वं? लोक विसरले."

"लोक विसरले नाहीत रे. ते त्यांना पाठ झालंय."

रविवारी वंदना झाल्यावर मी विहारात उभी राहिले आणि आता इथे लिहिलं ते सगळं सांगितलं. परवानगी मी दिली. हुद्दा मी मागितला. अंगठा मी लावायला लावला. माझा आवाज कापला नाही, एवढ्या वर्षांच्या ड्यूटीचा तेवढा उपयोग झाला.

 मग बाबांचा पेपर ऐकायला बसणाऱ्या बायांमधली आता एकटी उरलेली पर्वताआत्या भिंतीला धरून उठली. "म्हणजे वीस-पंचवीस वर्षं आमी देवाजीले बोल लावला, अन् तू तिकडं सॅलूट घेऊन राह्यली होती?"

"हो आत्या."

"अन् आता माफी मांगाले आली?"

"माफी नाही मागत. तुम्ही त्यांना खोटारडे म्हणालात, ते परत घ्या. मला जे म्हणायचं ते म्हणा."

मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी बापावरच गेली गा." आत्याने त्याला हातानेच गप्प केलं. "देवाजीबद्दल बोलली ते मी परत घेतो," ती म्हणाली. "तुयं मात्र सोडत नाही. जिती हावो तवरक विचारीन, रोज विचारीन. हिंमत हाय का रोज आयकाची?"

मी अंबाल्याला परतले ते सामान बांधायला. इथे सगळे मला मान देतात, मॅडमजी म्हणतात आणि पुढे जातात. कुणाला माझ्याकडून काही नको आहे. सुनील रागावला आहे, हुडकेश्वरला वरचा मजला रिकामा आहे म्हणतो, एसी लावून देतो म्हणतो. नको. पर्वताआत्याच्या दोन घरं पलीकडे मी खोली पाहिली आहे. नळ बाहेर आहे, उन्हाळ्यात पत्रा तापेल. पण त्या गल्लीत मी दिसले की कुणाच्या तरी तोंडून आधी बाबांचं नाव निघेल, मग माझं. मला तिथेच राहायचं आहे.