जिंकणाऱ्याची ओटी

श्रीवर्धनच्या शाळेवर बदली झाली तेव्हा मी एकटा जीव सदाशिव होतो. संध्याकाळी माणसं सुपारीच्या भावावर बोलत बसायची. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. बुद्धिबळ तेवढं यायचं. गावात ते खेळणारे एकच, एक म्हातारे बागाईतदार. त्यांचा रिवाज असा, की हरणाऱ्यानं पुढच्या डावाला जिंकणाऱ्याच्या ओटीवर जायचं.

पहिलं वर्षभर अर्थात मीच जात राहिलो. ते मला शक्यतो प्याद्यानंच मात देत, कारण त्यात अपमान जास्त. "प्याद्यानं मेलात, मास्तर," असं म्हणाले की त्यांची नातवंडं खिदळायची, आतून सून चहा पाठवायची. मला चीड यायची. माझ्या बिऱ्हाडात शाळेच्या शिपायाखेरीज कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. एकदा जिंकावं आणि कुणीतरी आपल्याही घरी यावं, एवढीच इच्छा होती.

आगबोटीनं मुंबईचं साप्ताहिक यायचं, त्यात बुद्धिबळाचं कोडं असे : पांढऱ्यानं दोन चालींत मात करावी. पट ताटाशेजारी मांडून मी जेवायचो. आमटी गार व्हायची. शह द्यायची घाई केली की कोडं हातचं जातं, हे हळूहळू उमगलं. खरी पहिली चाल बहुतेकदा गरीब दिसते. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या तेव्हा जुनीच कोडी पुन्हा सोडवली. तेवढ्यानंही डोकं तयार झालं, आणि दिवाळीच्या सुमारास मी जिंकलो.

ते काठी टेकत माझ्याकडे आले. मी पोहे केले होते. दोन चालींच्या मधे घरात कसलाच आवाज नसे. ते सारखे आतल्या दाराकडे बघत, आणि चहासाठी मलाच उठावं लागे. पुढचे डावही मीच जिंकलो. मग लक्षात आलं, की आता मला त्यांच्याकडे जायला कारणच उरलं नाही. जिंकून मी माझंच रिकामं घर पदरात पाडून घेतलं होतं.

एके दिवशी मी वजीर मुद्दाम त्यांच्या घोड्याच्या तोंडी दिला. त्यांनी तो मारला नाही.

"मुद्दाम दिलात. व्हय ना?"

"हो."

"आमच्याकडं यायचंय?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग या की. त्याला हरायला कशाला पायजे?"

दुसऱ्या दिवशी कोट-टोपी घालून निघालो. वळणावरून त्यांची ओटी दिसू लागली. सगळी मंडळी बाहेर बसली होती, कुणीतरी हसत होतं. मधे पट नसताना माणसांसमोर बसून बोलायचं काय, ते मला सुचेना. कुणी बघायच्या आत मी माघारी फिरलो.