खुर्चीवरच्या मिस

परवा इस्त्रीवाल्याच्या दुकानात खळ घातलेल्या सुती साडीचा वास आला आणि माझे दोन्ही तळहात आपोआप पाठीमागे गेले! कानडी मुलखात, अग्रहारातल्या म्हणजे ब्राह्मण आळीतल्या आमच्या शाळेत मिशन कॉलेजात शिकून आलेल्या, जुन्या पिढीतल्या एक मिस होत्या. कडक पांढरी साडी, खांद्यावर पिन, हातात लाकडी पट्टी. कॉलेजातल्या मडमांनी त्यांचं हसू काढून घेतलंय, अशी आम्हा मुलींची पक्की खात्री होती. एकदा त्यांनी नेमकं मलाच उभं केलं आणि कन्नडात विचारलं, "पद्य कलितेया?" कविता पाठ केलीस का? भीतीनं माझं कन्नड पळून गेलं आणि तोंडातून घरची मराठी निसटली, "नाय!" सगळा वर्ग थिजला, कारण कन्नडात नायि म्हणजे कुत्रं. शेजारी बसणारी माझी मराठी मैत्रीण कुजबुजली, "मेलीस गं! मिसला कुत्रं म्हणालीस!" मिसचा चेहरा पांढराफटक पडला, पट्टी वर गेली. आता हात फुटणार, वर शाळेतून नावही काढणार, म्हणून मी डोळे गच्च मिटले. फटका काही बसेना. हळूच बघते तर मिस निऱ्या आवळून खुर्चीवर उभ्या! "एल्लि?" कुठंय? बाकाखाली कुत्रं शोधत त्या किंचाळल्या. वाकून त्यांनी पट्टी माझ्याच हातात कोंबली, "ओडिसु मगू!" हाकल त्याला, पोरी! मग काय, बाकाखालचं ते नसलेलं कुत्रं मी "हाड, हाड" करत थेट फाटकापर्यंत पिटाळलं, आणि घंटा होईपर्यंत परत आलेच नाही. ती कविता मला आजतागायत येत नाही.