फाईलमधला पहिला कागद

माझी सगळी नोकरी बालाघाटमधल्या एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. कोणती फाईल कोणत्या रॅकवर, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. साहेब लोक येत, बदलून जात, मी तिथंच. माझ्या हातून एक कागद कधी गहाळ झाला नाही आणि त्याचा मला माज होता. माजच म्हणते, दुसरा शब्द नाही.

म्हणून लेक पहिल्या बाळंतपणाला रायपूरहून माहेरी आली तेव्हा तिची दवाखान्याची फाईल मी तिच्याकडून काढूनच घेतली. तिनं सगळे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले होते. मी तिला चांगलं झापलं. कागद तारखेवार लावले, भोकं पाडली, दोरी ओवली, वर तिचं नाव घातलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी फाईल पाहून कौतुक केलं. मी घरी येऊन ते दोनदा सांगितलं.

तारखेचा घोळ मात्र होता. लेकीची पाळी पहिल्यापासून अनियमित. नणंदेच्या साखरपुड्याच्या आठवड्यात आली होती, एवढंच तिला आठवत होतं, आणि त्या हिशेबानं सगळीकडे बाळंतपणाची एक तारीख लिहिली गेली होती. पण रायपूरला अगदी सुरुवातीला केलेल्या सोनोग्राफीत तारीख आठ दिवस आधीची होती. आम्ही दोघींनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. दोन्ही तारखा तेव्हा लांब होत्या.

त्या जवळ आल्या त्या नेमक्या पितृपक्षात.

आता हे माझ्या डोक्यात कुठून शिरलं तेही सांगते. डोहाळजेवणाला विहीणबाई आल्या होत्या. बोलता बोलता त्यांच्या शेजारणीच्या नातवाचा विषय निघाला. तो पित्रात जन्मला आणि लोक त्यावरून नावं ठेवतात, असं त्या म्हणाल्या. एवढंच. त्यांनी पुढची पुरी वाढून घेतली आणि विषय संपला. माझ्यासाठी संपला नाही. बाळंतपण माहेरचं, म्हणजे जबाबदारी माझी, म्हणजे नावंही मलाच ठेवतील, असं मी धरून बसले. विहीणबाईंना सरळ विचारलं असतं तर काय झालं असतं? पण विचारणं म्हणजे कमीपणा. आमच्या घरात बायका एकमेकींना विचारत नाहीत, अंदाज बांधतात.

गुरुवारी तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले. पाळीच्या तारखेनं अजून चार दिवस आहेत, पण पहिली सोनोग्राफी बाहेर केलेली आहे ना, तिची तारीख पक्की धरतात, तो कागद कुठाय, असं त्यांनी विचारलं. त्यात तारीख आधीची असेल तर थांबायचं नाही, उद्या सकाळी भरती करून कळा सुरू करू, म्हणाल्या. त्यांना कागद मिळाला नाही, कारण तो माझ्या पर्समध्ये होता. आदल्या संध्याकाळीच मी दोरी सोडून तो काढला होता. त्या तो विचारणार हे मला ठाऊक होतं. कोणता कागद कधी मागितला जातो, हे मला नाही कळणार तर कोणाला?

रविवारी सर्वपित्री अमावस्या, सोमवारी घटस्थापना. मला चारच दिवस हवे होते.

लेक माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "तो तर मले दिसलाच नाही बाई, तिकडंच राह्यला असन." तिनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. त्यानं बिचाऱ्यानं घरातली कपाटं उपसली. तिच्या फोनमध्ये त्या कागदाचा फोटो होता, पण तो फोन मधेच बिघडला आणि नवा घेतला. डॉक्टरीणबाई थोड्या वैतागल्या, मग म्हणाल्या, ठीक आहे, पाळीच्या तारखेनं चालू. सोमवारी या, आणि बाळ किती हलतं ते मोजत राहा, कमी वाटलं तर लगेच या. ते "लगेच" त्यांनी दोनदा म्हटलं.

तीन दिवस लेक मोजत राहिली. कॅलेंडरच्या कोऱ्या जागेत रेघोट्या ओढायची. मी स्वयंपाकघरातून पाहायची आणि मनात म्हणायची, बस, दोन दिवस राहिले, बस, एक.

रविवारी घरात श्राद्धाचं पान होतं, सासू-सासऱ्यांच्या नावाचं. वडे, खीर, कढी, सगळं माझ्याच अंगावर. दहाच्या सुमारास लेक दारात येऊन उभी राहिली.

"आई, आज बाळ कमी हलून राह्यलं."

मी कढईतून वडा काढत होते. मागे वळूनही पाहिलं नाही. झोपलं असेल, गोड खा काही, डाव्या कुशीवर पड, एवढं पान झालं की जाऊ, असं म्हटलं. ती गेली आणि निजली. माझ्या लेकीनं माझं ऐकलं, कारण घरात माझं सगळेच ऐकतात. नैवेद्य गच्चीवर नेला. कावळा लवकर येईना. मी हात जोडून उभी राहिले, कितीतरी वेळ. खाली आले तेव्हा बारा वाजून गेले होते आणि ती न्हाणीच्या दाराशी भिंत धरून उभी होती. पाणी गेलं होतं. त्या पाण्याचा रंग हिरवा होता.

पुढचं सगळं भराभर झालं. ऑटो, दवाखाना, ऑपरेशन. बाळानं पोटातच शी केली होती आणि ती श्वासाबरोबर आत गेली होती. मुलगी झाली, पण रडली नाही. तिला तशीच गाडीत घालून गोंदियाला नेलं. नऊ दिवस ती काचेच्या पेटीत होती, नाकात नळी, पायाला सुई. लेक इकडे बालाघाटला, टाके पडलेल्या पोटावर हात ठेवून, दूध काढून डबीत भरून पाठवायची. मी ती डबी घेऊन रोज गाडीनं जायची. वाटेतली नदी ओलांडताना लोक हात जोडतात, मला जोडवत नव्हते.

आणि जन्म झाला तो शेवटी अमावस्येलाच, पित्रातच.

दहाव्या दिवशी पोर घरी आली. वाचली. बारशाला विहीणबाई आल्या, तिला मांडीवर घेऊन बसल्या. मी चाचरत म्हटलं की, दिवस जरा तसा होता, तुम्ही मनावर घेऊ नका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही भलतंच बोलले. "अहो, आमचे हे पित्रातलेच आहेत. त्यात काय?" आणि पोरीच्या टोपीची नाडी बांधायला लागल्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या होत्या की असं वेळेवरच्या बाळालाही होतं, कोणाचा दोष नसतो. त्यांना कागद ठाऊक नव्हता. तो माझ्या पेन्शनच्या फाईलमध्ये होता, सगळ्यात खाली. फाडून टाकायला हवा होता, पण माझ्यानं कागद फाडवत नाही. नात बसली उशिरा, चालली उशिरा, बोलायला लागली ती मात्र थांबेचना. आता साडेचार वर्षांची आहे. कोणी म्हणेल, चांगली धडधाकट आहे. पण ती अडखळून पडली, हाक मारल्यावर पटकन वळली नाही, की मी हातातलं काम टाकून धावते. मी तिला विनाकारण मोजायला लावते, रंग विचारते. ती वैतागते आणि म्हणते, आजी, कितनी बार पूछोगी.

यंदा लेकीला पुन्हा दिवस गेले. दुसरं बाळंतपण सासरी करतात, पण डॉक्टरीणबाईंवर विश्वास म्हणून ती इथंच आली. पहिल्या भेटीत बाईंनी मागच्या वेळचं विचारलं. लेक खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, उस टाइम तारीख मुझसे ही गलत हुई थी. मेरी ही गलती थी."

मी बाजूच्या खुर्चीत बसले होते. साडेचार वर्षं ती हे घेऊन जगत होती आणि मला कधी कळलं नाही. खरं सांगायचं तर कळलं होतं. नातीला ताप आला की ती कशी स्वतःवरच चिडायची, ते मी पाहत होते. मला ते सोयीचं होतं.

घरी आल्यावर मी पेन्शनची फाईल काढली. ती भाजी निवडत बसली होती. कागद तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "हा हरवला नव्हता. मी काढला होता."

तिनं तारीख वाचली. बोटांवर मोजलं. मग विचारलं, "पित्रासाठी?"

"हौ."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. परातीतल्या मेथीची पानं ती बराच वेळ एकेक करून तोडत राहिली. मग म्हणाली, "मी स्वतःलेच दोष देत राह्यली आई. अन् तू पाहत राह्यली." ती उठली, आतल्या खोलीत गेली, माझ्या कपाटातून आपली फाईल काढली, तो कागद त्यात घातला आणि फाईल स्वतःच्या बॅगेत ठेवली. त्यानंतर ती माझ्याशी बोलते, जेवते, पायाला तेल लावून घेते. फाईल मात्र मला दिसलेली नाही.

परवा तिची तारीख उलटून पाच दिवस झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबू शकतो, पण मी तर भरती व्हा म्हणेन. लेकीनं मला विचारलं नाही. बाईंना सांगितलं, उद्या सकाळी येते. त्या दिवशी पंचांगात काय होतं ते मी पाहिलं नाही.

सकाळी ती भरती झाली. मी थर्मास आणि कपड्यांची पिशवी घेऊन मागे होते. दारात नर्सनं मला अडवलं. घरातली मोठी बाई म्हणून तिनं माझ्यापुढेच हात केला.

"अम्माजी, फाइल दीजिए."

"मेरे पास नहीं है," मी म्हटलं. "उसी के पास है."