प्लाझातला शेजाऱ्याचा माग

नवी पेठेच्या पुढं चौकात लोकांना बसा-फिरायला नवा प्लाझा झाला, तेव्हा सगळी आळी बघून आली. मी न्हाय गेलो. तिथं शेजाऱ्याचा हातमाग शोभेला मांडला होता, म्हणून न्हाय गेलो.

आम्ही दोघं विणकर. भिंतीला भिंत लागून घरं, दोन्ही घरांत एकसारखे माग. हातमागाचं काम थांबलं तेव्हा मी माझा मोडून त्या लाकडाची खाट केली. त्यानं आपला माळ्यावर टाकला. आळशी माणूस, मोडायचाही कंटाळा. त्या आळसाचं बक्षीस म्हणून आता त्याचा माग प्लाझात चढला, खाली पितळी पाटीवर त्याचं नाव. विणताना आडव्या सुताचा धोटा फेकायला माझा हात त्याच्यापेक्षा साफ होता, आळीत कुणालाबी विचारा. पण हाताला कुणी पाटी लावत न्हाय.

तो ओट्यावर बसून रोज विचारायचा, "बघून आलास का?"

"मोतीबिंदू झालाय मला," मी म्हणायचो.

खंडेनवमीला बायको हट्टालाच पेटली. "तुमी नका बघू माग. मला तितं बसायचंय." मग निघालो.

प्लाझा म्हणजे अजबच. गुलाबी खांब, पण वर छप्पर न्हाय. कमान मधोमध चिरलेली, ती मुद्दामच तशी म्हणे. एक जिना वर जातो अन् भिंतीला टेकून संपतो. त्यावर माणसं बसून शेंगा खात होती. मधे चौथऱ्यावर तो माग, निळ्या रंगात रंगवलेला.

लांबून एक नजर टाकायची अन् तोंड फिरवायचं, असं ठरवून गेलो होतो. पण खंडेनवमीला माग दिसला अन् विणकर तसाच पुढं गेला, असं आमच्यात होत न्हाय. चपला कधी काढल्या, कपाळ चौथऱ्याला कधी टेकलं, मलाच कळलं न्हाय.

"का रं, माझ्या मागाच्या पाया पडतोस?"

मागं शेजारी उभा. हातात पूजेचं ताट, तोंडभर हसू.

"मागाच्या पडलो. तुझ्या न्हाय."

"व्हय व्हय. मोतीबिंदू उतरला म्हणायचा!"

बायकोसुद्धा हसली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तो पूजेसाठी चौथऱ्यावर चढायला गेला. चौथरा कमरेइतका, याचे गुडघे गेलेले. एकदा लटपटला, पुन्हा लटपटला. मग ताट माझ्यापुढं धरून हळूच म्हणाला, "गड्या, तूच चढ की."

मी चढलो. हळद लावली, कुंकू लावलं, फणीला, धोट्याला, पावड्यांना, सावकाश.

"आटप की रं," तो खालून.

"पूजा हाय. घाई कसली?"

भोवती माणसं जमली. एका पोरीनं फोन वर धरला. "आजोबा, हा माग तुमचा का हो?"

शेजारी माझ्याकडं बघत होता. मी व्हय म्हणालो न्हाय. न्हायबी म्हणालो न्हाय.

"आजोबा, इकडं बघा ना."

मी टोपी सरळ केली अन् बघितलं.