रिकाम्या पाइपाची राखण

मंडळी, आज डोकं लई सणकलंय. गावात रेंज नाही, म्हणून वडवणीच्या स्टँडवर येऊन हे टाकतोय.

आमच्या ग्रामपंचायतीत सरकारी पैशातून इंटरनेट येणार, म्हणून माझ्या रानाच्या कडेनं पाइप पुरला होता. ठेकेदाराच्या माणसानं दम भरला, "आत फायबरची केबल हाय. कुणी खुंटा ठोकला तर केस होईल."

आम्ही ऐकलं. दर उन्हाळ्यात धोंडूमामा धनगर खतासाठी माझ्या रानात मेंढ्या बसवतात. मेंढ्यांभोवतीच्या जाळीचे खुंटे पाइपावरच्या पट्टीत मी त्यांना ठोकू दिले नाहीत. पट्टी खताविना राहिली. "मामा, पोरं गावातच कॉम्प्युटरवर शिकतील," असं मीच त्यांना समजवायचो.

आज सकाळी रस्त्याच्या कामात जेसीबीनं तो पाइप उपसला. "केबल तुटली!" म्हणून मी बोंबलत पळालो. मामांनी पाइपाचा तुकडा उचलला, तोंडाला लावून फुंकला. दुसऱ्या टोकातून नुसती धूळ उडाली.

"बाळू, ह्याच्यात तर कायबी न्हाई."

तसाच पंचायतीत गेलो. भिंतीपाशी पाइपाचं दुसरं तोंड होतं, तेही पोकळ. वरच्या इंटरनेटच्या पेटीला उद्घाटनाचा हार मात्र अजून लटकतोय. त्या दिवशी नारळ फुटला तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या होत्या.

तुमच्या गावातही असा पाइप पुरलाय ना? कुणी आत डोकावून बघितलंय का?

मामा रागावले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "मग औंदा ठोकू का तिथं खुंटे?"