देओलिंदाच्या पुड्या

...नाही गं, आधी मनगटाचं लिही, बाकीचं मागून. असुन्सियोनच्या बाजारात आमच्या औषधी पाला विकणाऱ्या बायकांच्या ओळीत चाळीस वर्षं उखळात पाला कुटून कुटून देओलिंदाचं मनगट टम्म सुजलं होतं. दुसरं काही सुचलं नाही तर जागाच सोडायची पाळी. म्हणून तिनं ठरवलं, गिऱ्हाइकापुढं कुटत बसायचं नाही. घरीच सवडीनं, डाव्या हातानं कुटायचं, वाळवायचं, पुड्या बांधायच्या. एक पोटाची, एक डोक्याची, एक उन्हाची. लिहिता येत नव्हतं, तर कागदावर पोट काढलं, डोकं काढलं, सूर्य काढला.

शेजारी तिची नणंद रुफिना बसायची. तिनं कागद हिसकावला.

"वहिनी, हे डोकं की बटाटा? काय दुखतंय ते न विचारताच पुडी टेकवणार? मग आम्ही माश्या मारायच्या का?"

अख्खी ओळ तिच्यावर उलटली. पाणी गार करायला कुणी तिला बर्फाचा खडा देईना.

"वन्सं, आधी पिऊन बघा, मग शिव्या द्या," देओलिंदा म्हणाली.

दुपारी तेरेरे, आपला बर्फाच्या पाण्यातला पाल्याचा चहा, प्यायला बसल्या सगळ्या. गार पाण्यात पुडी सोडली. पेला एक, नळी एक, ओतणारी देओलिंदा. आता आमच्यात पेला परत देताना "आभार" म्हटलं की त्याचा अर्थ, बास, मला पुन्हा देऊ नको. पहिल्याच घोटाला पाच जणींनी हसू दाबत आभार मानले. थोबाडीत मारल्यासारखे. त्यात मीही होते, लपवत नाही.

शेवटी रुफिना. घोट घेतला न् थुंकली.

"शी! गोठ्यातलं गवत! गार पाण्यात वाळका पाला उतरतो का कधी?" पण आभार मानले नाहीत. पेला पुढं केला. "ओत. नेमकं काय बिघडलंय बघू दे."

तीन पेले प्याली, तीनदा शिव्या दिल्या. "ओलाच पाला लागतो. बांध पुडीत ओला, न् उद्या किडे वीक!"

देओलिंदा रुफिनाच्या बर्फाच्या पेटीकडं बघत राहिली. मग कागद उलटा करून चौकोन काढला, त्यात एक पान. कुटलेला ओला पाला बर्फातच गोठवायचा!

"उद्या हे पाजते."

"उद्याही शिव्याच देईन."

"द्या वन्सं. आभार तेवढे मानू नका."

आज तिथंच बसते देओलिंदा, गोठवलेल्या पाल्याची पेटी घेऊन. माझ्याशी बोलत नाही अजून. तू जातेस ना उद्या बाजारात? तिला म्हणावं, आजीनं त्या दिवशीचे आभार परत घेतलेत, एक पेला ओत.