चावी सिंधूकडे

शमिका पाटणकर लहानपणापासून भित्री. उगीच चिडवायला म्हणून नव्हे, अस्सल भित्री. बरखेड्याला, कारखान्याच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये पाल दिसली की ही पलंगावर उभी, आणि कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला की आईला घट्ट चिकटलेली. तिचे बाबा, श्यामराव, कारखान्यात मशीन-दुरुस्तीला होते. ते हसून म्हणायचे, "आमची भित्री भागूबाई मोठी होऊन काय करणार, देव जाणे!" देवाने काय जाणलं कोण जाणे, पण भागूबाई एकोणतीस वर्षांची झाली तेव्हा ती फळमाश्यांवर पीएचडी करत होती आणि वर संशोधक विद्यार्थ्यांच्या परिषदेची अध्यक्षही होती.

अध्यक्ष कशी झाली? तर भीतीमुळेच, दुसरं काय! सभेत कुणी उभं राहीना. कुणीतरी हिचं नाव घेतलं, साठ-सत्तर माना वळल्या, आणि एवढ्या लोकांसमोर "नाही" म्हणायची हिची छाती झाली नाही. झालं. बिनविरोध निवड, टाळ्या, पेढे.

तेव्हापासून तिचा दिवस तीन तुकड्यांत फाटला. सकाळी सात ते अकरा माश्या, मग अर्ज, निवेदनं, होस्टेलचा बंद कूलर, आणि दुपारनंतर पुन्हा माश्या. कुठल्याही साहेबाच्या केबिनमध्ये शिरायचं असलं की बोलायचे मुद्दे ती तळहातावर पेनाने लिहून न्यायची, आणि आत जाईपर्यंत घामाने ते पुसले जायचे. तरी जायची, हे मात्र कबूल करायला हवं.

माश्यांचं काम वरून पाहिलं तर साधं. मक्याचं पीठ आणि गूळ घालून शिजवलेलं अन्न बाटल्यांत भरायचं, त्यावर माश्या वाढवायच्या, आणि ज्या सगळ्यांत जास्त जगतील त्यांचीच अंडी पुढच्या पिढीसाठी ठेवायची. साडेचार वर्षांत अठ्ठावीस पिढ्या झाल्या होत्या. साधी फळमाशी दोन महिन्यांत मरते, शमिकाच्या माश्या तीन महिने जगायला लागल्या होत्या. तिचे गाईड केशव सर एरवी कौतुकाच्या बाबतीत महाकंजूस, पण तेसुद्धा म्हणाले होते, "आता दोन पिढ्या आणखी, की थीसिस लिहायला बस." माश्यांना पंचवीस अंशांची थंड खोली लागायची. तिशीच्या वर पारा गेला की अंडी वाया, चाळिशीला सगळाच खेळ खलास.

आणि मग सिंधूचं झालं.

सिंधू मुलताईची, पीएचडीच्या पहिल्या वर्षाची, रसायनशास्त्राची. वरच्या मजल्यावर तिची लॅब होती. तिथे फ्यूम हूड म्हणून काचेचं कपाट असतं. आत रसायनं उकळायची आणि वरच्या पंख्याने त्यांची वाफ बाहेर ओढायची. पंखा चालतोय का ते बघायला पोरं काचेला टिश्यू पेपरची पट्टी चिकटवतात. पट्टी आत ओढली गेली तर ठीक. सिंधूच्या हूडची पट्टी आठ महिने लोंबतच होती. शमिकाने तीन अर्ज दिले होते आणि तिन्हींवर एकच उत्तर, फाइल पुढे पाठवली आहे. एके दिवशी सकाळी शमिका सही घ्यायला वर गेली तर सिंधू जमिनीवर पडलेली, ओठ निळसर, आणि ती पट्टी तशीच सरळ लोंबत होती. ते दृश्य शमिकाच्या डोळ्यांपुढून हटेना. दवाखान्यात ती दोन दिवस सिंधूच्या उशाशी बसून होती, आणि त्या दोन दिवसांत तिचं एक काम राहून गेलं. माश्यांची दुसरी प्रत, म्हणजे त्याच माश्यांच्या जादा बाटल्या, नेहमी दुसऱ्या इमारतीत ठेवायची असते. नवं अन्न भरायला म्हणून ती प्रत तिने आपल्याच खोलीत आणली होती, आणि ती तिथेच राहिली.

सिंधू वाचली, दवाखान्यातून सुटली. संस्थेच्या ऑफिसातून निरोप आला की पंख्याचं प्रकरण विचाराधीन आहे. आता बोला! पोरं खवळली. इमारतीला कुलूप घालायचं ठरलं, पंखा लागेपर्यंत. सभेत शमिका उभी राहिली. "कुणीही आत जायचं नाही," ती एका दमात म्हणाली. "कुणाचाच अपवाद नाही. मीसुद्धा नाही." वीज चालू, खोली थंड, अन्न आठवडाभर पुरेल, असा तिचा हिशेब होता. इंद्रपुरीच्या बाजारातून मोठं पितळी कुलूप आणलं आणि चावी अध्यक्ष म्हणून हिच्या पर्समध्ये आली.

त्या संध्याकाळी घरी ती ताटातला भात नुसता चिवडत होती. श्यामराव ताटावरून बघत होते.

"चावी कुणाकडे आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे."

"तुझ्याकडे कशाला? आमच्याकडे मशीन बंद करून माणूस दुरुस्तीला आत उतरला, की स्विचला कुलूप लागायचं आणि चावी त्याच्याच खिशात. साहेबाकडे नाही, युनियनवाल्याकडे नाही. कारण चुकून मशीन सुरू झालं तर मरणार तो! ज्याचा जीव आत, त्याची चावी. तुमच्यात जीव कुणाचा जात होता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शमिकाने चावी सिंधूच्या हातात दिली. "मी मागितली तरी देऊ नकोस," ती म्हणाली. सिंधूला वाटलं, दीदी मजाक करतेय.

त्याच दुपारी ऑफिसने इमारतीची वीज तोडली. कारण लेखी होतं, बंद इमारतीत वीजप्रवाह ठेवणं सुरक्षित नाही. बाहेर त्रेचाळीस अंश. कडुलिंबाखाली बसलेली पोरं इमारतीच्या खिडक्यांकडे बघायला लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या नितीनचे दोन वर्षांचे नमुने फ्रीझरमध्ये वितळायला लागले असणार. तो वर्तमानपत्राने वारा घेत राहिला. शमिकाचे हात गार पडले. एवढ्या उन्हात गार! बाटल्यांमधल्या माश्या काचेवर चढताहेत, खाली पडताहेत, पुन्हा चढताहेत, असं तिला दिसायला लागलं.

तेवढ्यात केशव सरांचा फोन आला.

"शमिका, संध्याकाळपर्यंत खोली चाळिशीला जाईल. पंधरा मिनिटांचं काम आहे. मी गाडी घेऊन येतो, बाटल्या माझ्या घरी नेऊ."

"सर, कुणी आत जायचं नाही असं मीच सांगितलंय."

"तू सांगितलंस ना? मग तूच बदल!" मग सरांचा आवाज खाली आला. हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. सर घाबरले होते. "पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला तुझ्याकडे वर्षं नाहीत, बाळ. दीड वर्षात मुदत संपते."

तिने फोन ठेवला. ती सरळ उठली आणि सिंधूकडे गेली. सिंधू भिंतीला टेकून बसली होती, अजून मधूनमधून खोकत होती.

"सिंधू, चावी दे."

स्वतःच घातलेली अट शमिकाला आठवत होती. सिंधू नाही म्हणेल, आपण ओरडू, रडू, आणि मग निदान दोष तिचा असेल, असं काहीसं तिच्या मनात होतं. लाज वाटावी असंच होतं ते. पण सिंधूने ओढणीची गाठ सोडली आणि चावी पुढे केली.

"घ्या दीदी. मी कुणाला नाही सांगणार. तुमचं साडेचार वर्षांचं काम आहे. मला काय, मी तर आता ठीक आहे."

सलाइनची सुई काढलेल्या जागी तिच्या हातावर निळा डाग होता. शमिकाने नितीनकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. एकदा स्वतःसाठी उघडलं, की मग नितीनसाठी, मग सगळ्यांसाठी, आणि ते दार पुन्हा लागणार नव्हतं. ऑफिसला ते ठाऊक होतं, हिलाही होतं. आणि मग सोमवारी ही पोरगी पुन्हा त्याच हूडसमोर उभी राहणार होती. त्या विचाराने शमिका जेवढी घाबरली, तेवढी ती माश्यांसाठीही घाबरली नव्हती. तिने सिंधूची बोटं चावीवर मिटवली.

"नको," ती म्हणाली. "नको देऊस मला." आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली. अध्यक्षबाई!

पंखा लागायला आणखी एक अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी चार वाजता सहीशिक्क्याचं पत्र आलं, वीज जोडली गेली, मागोमाग नवी मोटर घेऊन मेकॅनिक आला, आणि सिंधूने स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं. पोरं आरडाओरडा करत जिन्याने वर धावली. शमिका पहिल्या मजल्यावर एकटीच वळली.

खोलीत आंबलेल्या गुळाचा वास भरला होता. तिने एक बाटली उचलून बोटाने टिचकी मारली. टिचकी मारली की माश्या भुर्रकन वर उडतात, रोजची सवय. काही उडालं नाही. दुसरी उचलली. खालच्या फळीवरची उचलली. एकूण चौऱ्याऐंशी बाटल्या होत्या, दुसरी प्रत धरून. तिने प्रत्येकीला टिचकी मारली. एखादी राहून गेली तर काय, या भीतीने काही बाटल्यांना दोनदा मारली.

"दीदी!" जिन्यावरून सिंधूची हाक आली. "पंखा लागला! पट्टी कशी आत ओढली जातेय बघा तरी!" धावत, खोकत ती दारात आली आणि थबकली. "दीदी... माश्या?"

शमिकाने तोंड फळीकडेच ठेवलं. आवाज फुटेल याची तिला भयंकर भीती वाटत होती.

"आहेत गं," ती म्हणाली. "वरच्या फळीवरच्या गेल्या थोड्या. खालच्या ठीक आहेत."

"सच्ची?"

"अगं हो! तू वर जा आधी. मेकॅनिक सगळे हूड तपासल्याशिवाय निघून जाईल, त्याला सोडू नकोस."

"मी कालपासून देवाला एकच सांगत होते," सिंधू म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. डोळे पुसून ती वर पळाली.

शमिका तिथेच स्टुलावर बसली. फोन वाजायला लागला. केशव सर. तिने तो बराच वेळ वाजू दिला आणि मग उचलला.

"सर, एकही उरली नाही," ती म्हणाली. "पण हे सिंधूला कळू देऊ नका."